गेंडा भुंग्याचे मूळ उकिरड्यात

नारळाच्या झाडास वाढीचा कोंब एकच असतो. गेंडा भुंगा तोच पोखरतो. कोंब मेला की झाड गेले. झावळ्या पंख्यासारख्या कातरलेल्या दिसताच किनारपट्टीवरील बागायतदार शेंड्याकडे पाहतो. कीटकशास्त्रज्ञ मात्र उकिरड्याकडे पाहतो. कारण भुंग्याच्या अळ्या कुजत्या शेणखतात वाढतात. शत्रूचा शत्रूही निसर्गातच असतो. १९६३ साली जर्मन शास्त्रज्ञ ह्यूगर यांना मलायात या अळ्यांना मारणारा विषाणू आढळला. १९६७ साली तो सामोआ बेटांवर सोडण्यात आला. बागायतदाराच्या हाती याहून सोपा उपाय आहे. उकिरडा वरचेवर उपसावा, अळ्या वेचून माराव्यात, कुजकी खोडे बागेत ठेवू नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रत्यक्ष दाखवावे. एका घराचा उकिरडा साऱ्या वाडीच्या माडांना नडतो.