सिद्धगडाच्या पायथ्याशी ऑइल बदलताना

गाडीचं मीटर फक्त किलोमीटर मोजतं. म्हशाहून नारिवलीकडे पहिल्या-दुसऱ्या गियरात धुरळा खात इंजिन किती दमलं, हे त्याला कळत नाही. कंपनीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. पण धुळीचे रस्ते आणि तोकड्या फेऱ्या असतील तर ऑइल लवकर बदला, असंही त्यातच कुठेतरी असतं. ते पान आमच्यासाठीच छापलंय असं मी धरून चालतो.

म्हणून भात झोडून झालं की डिसेंबरात मी गाडीखाली शिरतो. १९४३ च्या २ जानेवारीला भाई कोटवाल आणि हिराजी पाटील याच रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांना मानवंदना द्यायला दरवर्षी लोक येतात, पाठोपाठ पौषात म्हशाची जत्रा. रस्त्यावर गर्दी होण्याआधी हे उरकलेलं बरं.

गावात सपाट, टणक जागा म्हणजे खळं. तिथं ऑइल सांडू द्यायला कोण तयार होईल? तेव्हा कडेला जागा बघायची. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवायची, मागच्यांना दगडांची उटी लावायची. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली मी जात नाही.

आधी पाचेक मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. कोमट ऑइल तळाचा गाळ घेऊन उतरतं; उकळतं असलं तर हात भाजतो. वरचं झाकण उघडायचं, खाली घमेलं सरकवायचं. नट पान्यानं सैल केला की पुढचे आटे बोटांनी, वर दाबत दाबत फिरवायचे आणि शेवटी हात झटकन बाजूला घ्यायचा. धार आधी लांब उडते, मग हळूहळू जवळ येते आणि शेवटी थेंबांवर येते. घमेलं त्या हिशेबानं सरकवत राहावं लागतं.

काळं ऑइल म्हणजे वाईट ऑइल, हा समज मात्र खोटा. काजळी धरून ठेवायला त्यात रसायनं घातलेलीच असतात. ते काळं पडतं कारण ते काम करतंय.

फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोटानं चाचपायचं. दोन रबरं एकावर एक बसली की गाडी चालू होताच ऑइल बाहेर. नव्या रबरावर ऑइलचं बोट फिरवायचं आणि फिल्टर हातानंच आवळायचा. नटाखाली नवा वायसर. मग पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, छोट्या गाडीला साधारण तीन लिटर ऑइल. थोडं कमीच ओतायचं, इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, फळ्यांवरून गाडी उतरवायची, थोडं थांबून पट्टी बघायची. जास्त झालं तर क्रँक ते घुसळून फेस करतो.

घमेलं भरलं की शेजारचे काका येतातच. “दादा, फेकू नको हां, गोठ्याच्या मेढींना लावू. वाळवी लागत नाय.”

देऊन टाकावंसं वाटतं. पण त्यात झिजलेल्या इंजिनचा धातू उतरलेला असतो, ते कातडीला बरं नव्हे, आणि गोठ्यात गुरं मेढींना अंग घासतात. कायद्यानंही ते घातक कचऱ्यातच मोडतं. मी काकांना नवीन ऑइलच्या कॅनच्या तळाशी उरलेलं देतो, त्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांना पुरतं. काळं ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून, बूच घट्ट लावून मुरबाडच्या गॅरेजवर देतो. तिथं ते पिंपात साठवतात. काका म्हणतात, एवढं पेट्रोल जाळून कचरा पोचवायला जाणारा तूच पहिला.