तीस फुटांची गोफण

संक्रांतीला भाचा पुण्याहून परभणीला आला, तो फाशांची थैली आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि एखादं धाडस जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आम्ही पाचव्या आवृत्तीचे, २०१४चे नियम घेऊन बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखल्या, एक चौकट म्हणजे पाच फूट. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांच्या जागी बोरं मांडली. ज्याने मारलं त्याने खायचं.

लेक झाली चोर. शस्त्रांची यादी वाचता वाचता ती थांबली. "दादा, स्लिंग म्हणजे आपली गोफणच ना?"

गोफणच. किंमत चांदीचं एक नाणं, वीस गोळ्यांना तांब्याची चार. नावापुढे दोन आकडे होते, ३० आणि १२०. शेजारी मोठ्या धनुष्याचे १५० आणि ६००. सगळे फुटांत.

इथे मी तोंड घातलं. ज्याचं बालपण ज्वारीच्या राखणीत गेलं त्याला कोणी सांगावं की गोफण तीस फूट जाते? तीस फूट तर मी चप्पल फेकतो. १९८१ साली लॅरी ब्रे नावाच्या अमेरिकन माणसाने गोफणीने दगड ४३७ मीटर फेकल्याचा विक्रम आहे, तोही ऐकवला. भाच्याने शांतपणे पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मामा, आधी दोन आकडे का आहेत ते बघा."

पहिल्या आकड्यापर्यंत नेम साधा, एकच फासा टाकायचा. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे शत्रू असेल तर डिसअॅडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकायचा आणि कमी पडलेलं दान धरायचं. दुसऱ्या आकड्यापलीकडे मारताच येत नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करून बघा. लेकीच्या चोराच्या हाताची चपळाई तीन आणि सरावाचे दोन, असे पाच गुण फाशात मिळवायचे. गॉब्लिनचं चिलखत पंधराचं. म्हणजे फाशावर दहा किंवा जास्त हवेत, वीसपैकी अकरा दानं तिच्या बाजूची, शंभरात पंचावन्न वेळा नेम लागणार. तोच गॉब्लिन सातव्या चौकटीत सरकला, म्हणजे पस्तीस फुटांवर गेला, की दोन्ही फाशांवर दहा हवेत. पंचावन्नाचे एकदम तीस होतात. पाच फुटांत निम्मा नेम गळतो! आणि लागला तरी गोफणीचा मार चार बाजूंच्या फाशाचा, वर चपळाईचे तीन. गॉब्लिनचा जीव सात. एका दगडात बोर तोंडात पडायचं तर चारच पडायला हवेत.

पहिल्या रात्री लेकीला एकही बोर मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं शेतावर गेलो. आमच्याकडे कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती' वाणाची रब्बी ज्वारी आहे. कणसं दाण्यावर आली की पहाटे आणि दिवस कलताना पाखरांच्या झुंडी उतरतात. राखणीला जे म्हातारबाबा येतात, त्यांच्या हातात अजून गोफण असते. आसपास सोयाबीन आणि कापूस वाढला, तशी राखणही कमी झाली. आमच्या शिवारात गोफण फिरवणारे आता हेच एक.

गोफण म्हणजे दोन दोऱ्या, मधे दगड बसेल एवढी विणलेली पट्टी. बाबांची गोफण अंबाडीची, हाताच्या घामाने काळपट झालेली. एका दोरीच्या टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसऱ्या दोरीची गाठ चिमटीत धरायची. डोक्यावरून एक-दोन गरके, आणि चिमूट सोडायची. सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. मी तीस वर्षांनी फिरवली, क्षणभर उशिरा सोडली आणि ढेकूळ पार डावीकडे, भाच्याच्या मोटारसायकलजवळ जाऊन फुटलं. त्याने नुसतं म्हटलं, "एक पडला, मामा."

मग परीक्षा घेतली. बाभळीला तेलाचा रिकामा डबा टांगला आणि तीस फूट मोजून बाबांना उभं केलं. पाच ढेकळांत तीन वेळा डबा वाजला. मग एकशेवीस फुटांवर नेलं. ढेकळं डब्याला वळसा घालून बाभळीच्या कितीतरी पुढे जाऊन पडत होती. जोर कमी नव्हता, पण डबा एकदाही वाजला नाही. पाच फेकींवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण रात्री तावातावाने बोलताना माझं काय चुकलं होतं, तेही कळलं. दगड किती लांब जातो हे त्या आकड्यांत नाहीच. नेम कुठवर धरावा, एवढंच ते सांगतात.

बाबांना मात्र डब्याचा खेळ पोरकट वाटला. "डबा कोण हाणतंय रं? पाखरं उठली पायजेत." त्यांनी रिकामीच गोफण गरकन फिरवून सोडली. मोकळ्या दोरीचा फट्ट आवाज झाला आणि समोरच्या कणसांवरून चिमण्यांची चादर उठली. या आवाजाला पुस्तकात जागा नाही.

पुढे नियम एकेक करून शेतातच उलगडत गेले. भाचा ज्वारीत शिरला. उभ्या पिकात तो निम्मा झाकला, तर त्याच्या चिलखतात दोन मिळवायचे; पाऊण झाकला तर पाच. पुरता दिसेनासा झाला की त्याच्यावर नेमच धरता येत नाही. बाबा राखणीला मचाणावर का चढतात, हे लेकीला इथे कळलं. वरून पाहिलं की आडोसा उरत नाही. आणखी एक नियम असा, की शत्रू पाच फुटांत येऊन उभा राहिला तर लांबून मारायच्या शस्त्राला डिसअॅडव्हांटेज. तो समजावून सांगावा लागला नाही. लेक बाबांना खेटून उभी राहिली, तसे ते खेकसले, "सरक तिकडं, फिरवू कशी?"

एक नियम तेवढा मला अजून पटलेला नाही. लढाई संपल्यावर मिनिटभर शोधलं की खर्ची पडलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या परत मिळतात, असं पुस्तक म्हणतं. बाणाचं मी समजू शकतो. पण आमच्या काळ्या रानात दगड कुठला? इथे गोफणीत ढेकूळच घालतात, आणि ते पडलं की त्याची माती होते. बाबांनी सकाळभरात फेकलेल्यांपैकी एकही आम्हाला सापडलं नाही.

त्या रात्री कॅलेंडर पुन्हा पसरलं. भाच्याशी बरीच घासाघीस करून दोन नियम आमचे घातले. रिकाम्या गोफणीच्या आवाजाने एखादा भित्रा गॉब्लिन एक चौकट मागे हटू शकतो. आणि ढेकळं परत मिळत नाहीत. लेकीने आडोसा सोडला, सहा चौकटींच्या आत गेली, सोळा पडले, मग चार. बोर आंबट निघालं.

भाचा पुण्याला परतला, आता खेळ रविवारी व्हिडिओ कॉलवर चालतो. वीस ढेकळं घेऊन निघालेल्या आमच्या चोराच्या पिशवीत सध्या नऊ उरली आहेत.