दप्तरात न पोचलेला ताप

भारतात दरवर्षी हिवतापाने किती माणसे दगावतात, या साध्या प्रश्नाला या शतकाच्या पहिल्या दशकात तीन उत्तरे होती. सरकारी नोंदींत सुमारे एक हजार, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजात सुमारे १५ हजार, आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’त, सत्तरीच्या आतलेच धरून, २ लाख ५ हजार. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात दोनशे पटींचे अंतर आहे. एवढे अंतर बेरीज चुकल्याने पडत नाही. मोजणारा कुठे बसून मोजतो, यामुळे ते पडते. दवाखान्यात बसले की दवाखान्यापर्यंत पोचलेलाच रोगी मोजला जातो. त्या अभ्यासाने हिवतापाचे म्हणून धरलेल्या मृत्यूंपैकी ८६ टक्के कोणत्याही आरोग्यकेंद्राबाहेर झाले होते. ज्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर कधी पडलाच नाही, त्याची नोंद कोण करणार? म्हणून माझे म्हणणे असे की, संसर्गजन्य रोगांचे ओझे मोजायचे तर सुरुवात घरापासून करायला हवी.

हा अभ्यास तसाच झाला. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीतल्या, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदवण्यासाठी नमुन्यादाखल निवडलेल्या, गावा-वस्त्यांत कर्मचारी मृत्यू झालेल्या घरी गेले. ताप किती दिवस होता? थंडी वाजून यायचा का? दरदरून घाम सुटायचा का? डोळे पिवळे झाले होते? मान ताठली होती? घरच्यांनी सांगितलेली हकिगत त्यांच्याच भाषेत टिपून घेतली. मग दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले आणि मतभेद मिटले नाहीत तिथे तिसऱ्या, ज्येष्ठ डॉक्टरने निर्णय दिला. याला मौखिक शवविच्छेदन म्हणतात.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो जागतिक आरोग्य संघटनेनेच घेतला: विषमज्वर, मेंदूज्वर, हिवताप यांतला फरक नुसत्या सांगण्यावरून कसा कळणार? एकेका मृत्यूपुरती ही शंका रास्तच आहे. पण सगळेच ताप सरसकट हिवतापाच्या खात्यात पडले असते, तर ते मृत्यू देशभर सारखे विखुरलेले दिसले असते. प्रत्यक्षात, जीवघेण्या फाल्सिपेरम हिवतापाचा प्रसार जिथे अधिक, तिथेच हे मृत्यूही अधिक आढळले. ओडिशा त्यात आघाडीवर होता. शिवाय संशोधकांनी आपली अनिश्चितता लपवली नाही. १ लाख २५ हजार ते २ लाख ७७ हजार अशी मर्यादा दिली. खालचे टोक खरे मानले, तरी ते १५ हजारांच्या आठ पटींहून जास्त भरते.

मृत्यू नीट मोजले तरी ओझ्याचा हिशेब पुरा होत नाही. हत्तीरोग क्वचितच जीव घेतो, पण सुजलेला पाय घेऊन भातखाचरात उभे राहण्याची वेळ आणतो. नुसते मृत्यू मोजणाऱ्या तक्त्यात पूर्व विदर्भातल्या या दुखण्याला जवळजवळ शून्य मिळेल. जागतिक बँकेच्या १९९३च्या अहवालाने पुढे आणलेले ‘डॅली’ हे माप यासाठीच आहे: अकाली मृत्यूने गेलेली वर्षे आणि आजारात काढलेली वर्षे, दुसरी त्रासाच्या तीव्रतेनुसार वजन देऊन, एकत्र मांडायची. हे वजन ठरवणारे कोण, असे टीकाकार विचारतात, आणि तो प्रश्न योग्य आहे. सुरुवातीच्या मांडणीत बालपणाच्या व म्हातारपणाच्या वर्षांना तरुण वर्षांपेक्षा कमी मोल होते. टीकेनंतर ‘जागतिक रोगभार’ अभ्यासाच्या २०१०च्या मांडणीत ते वगळले गेले. म्हणजे मापातला पक्षपात उघड असेल तर दुरुस्त करता येतो. मोजलेच नाही, तर शून्य हेच वजन आपण मुकाट्याने दिलेले असते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि त्यात जवळपास निम्मा वाटा संसर्गांचा होता. याआधी तपासणी व उपचार मिळालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध होईपर्यंत हे दुखणे कोणत्याच हिशेबात नव्हते.

मोजण्यावरचा पैसा औषधांवर घाला, असे कळकळीने सांगितले जाते. पण मच्छरदाण्या, तपासणी किट आणि गोळ्या कुठे किती पाठवायच्या हे आकड्यांवरूनच ठरते. दप्तरातला आकडा खोटा लहान असेल, तर डॉक्टर जिथे पोचला नाही तिथे गोळीही पोचत नाही, आणि पुढच्या वर्षीची नोंद पुन्हा तशीच कोरी राहते. हे चक्र तोडायला प्रत्येक जिल्ह्याने घरी झालेल्या मृत्यूंची कारणे दारात जाऊन विचारावीत आणि आपला अंदाज त्याच्या दोन्ही टोकांसकट जाहीर करावा.