चित्र-पोस्टकार्ड

एका बाजूस चित्र असलेले व पाकिटाशिवाय टपालाने पाठविता येणारे जाड कागदाचे कार्ड. साधे पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ मध्ये प्रथम निघाले. भारतात ते १८७९ मध्ये पाव आणा किंमतीस मिळू लागले. ब्रिटनने १९०२ मध्ये मजकूर व पत्ता एकाच बाजूस लिहिण्यास मुभा दिल्यामुळे दुसरी बाजू चित्रासाठी पूर्णपणे मोकळी झाली. महाराष्ट्रात महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील विविध व्यवसायांच्या स्त्रीपुरुषांची चित्रे अशा कार्डांसाठी काढली.

चित्रकाराने स्नेह्यास वा आश्रयदात्यास पाठविलेले कार्ड कलेतिहासाचे साधन ठरते. डाकेच्या शिक्क्यावरून स्थळ व दिनांक, तर पत्त्यावरून उभयतांचा संबंध कळतो. इटालियन चित्रकार जाकोमो बाल्ला याने १९१२ मध्ये ड्युसेलडॉर्फहून आपल्या शिष्यास पाठविलेल्या कार्डावर रंगीत त्रिकोणांचा आराखडा आहे. त्याच्या अप्रतिरूप चित्रमालेचा आरंभ त्यावरून ठरविता येतो.

तथापि कार्डावरील सही नेहमीच हस्तलिखित नसते. धुरंधरांच्या कार्डांवरील सही मूळ चित्राचाच भाग असून चित्राबरोबर छापलेली आहे. भिंगातून पाहिल्यास छापील सही चित्राच्याच पोताची दिसते, तर लेखणीची शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली आढळते. हा भेद न केल्यास सामान्य छापील प्रत चित्रकाराचे हस्ताक्षर म्हणून संग्रहात जमा होते.