धुरीण कोण?

कल्याण तालुक्यांतील भातखाचरांत बैलांकडून चिखलणी होतांना ज्यानें पाहिली असेल, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. दोन्ही बैलांचें पाऊल बरोबर पडलें म्हणजे जूं समतोल राहतें. एक पुढें सरला कीं तें तिरपें होऊन दोघांचेंही बळ वायां जातें. म्हणून शेतकरी बैलाच्या बळाइतकीच त्याची जोड पाहतो.

देशावरील काळ्या, चिवट जमिनींत एक जोडी पुरत नसे. ट्रॅक्टर येण्यापूर्वीं तेथें जड लांकडी नांगरास सहा-आठ बैल जुंपीत. इतके बैल एका घरीं क्वचितच असत. म्हणून शेजारी आपापले बैल घेऊन मदतीस येत. यास इर्जिक म्हणत.

उत्तरेकडील हिमप्रदेशांत असेंच काम कुत्रे करितात. बर्फावरील घसरगाडीस ते जोडीजोडीनें एकामागें एक बांधलेले असतात. त्यांस लगाम नसतो. हांकणारा केवळ शब्दानें आज्ञा करितो. सर्वांत पुढें वाट ओळखणारा व आज्ञा समजणारा कुत्रा असतो, त्यामागें वळण साधणारे, आणि गाडीलगत बलवान व शांत स्वभावाचे. गाडी अडली कीं हिसका या शेवटच्यांनाच बसतो.

परंतु संख्या वाढली म्हणजे बळ त्याच प्रमाणांत वाढतें काय? रिंगेलमान नामक फ्रेंच कृषितज्ज्ञानें १९१३ सालीं दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आठ जण मिळून ओढूं लागतांच प्रत्येकाचा जोर, एकट्यानें ओढतांना असे त्याच्या निम्म्यावर आला. कांहीं बळ एकाच क्षणीं न लागल्यामुळें फुकट गेलें. आणि 'दुसरे ओढीतच आहेत' या समजुतीनेंही हात सैल पडतात, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें.

१९२५ सालीं अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची सांथ आली. तेव्हां सुमारें ६७४ मैलांच्या वाटेवर वीस जणांनीं आळीपाळीनें घसरगाड्या हांकून औषध पोंचविलें. शेवटच्या टप्प्यांत बाल्टो नांवाचा कुत्रा अग्रभागीं होता. त्याचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरांत उभा राहिला. सर्वांत लांब व बिकट टप्पा मात्र टोगो ज्यांच्या पुढें धांवत होता त्या कुत्र्यांनीं काटला होता.

आपल्या भाषेंत पुढाऱ्यास धुरीण म्हणतात. संस्कृतांत 'धुर्' म्हणजे जूं. तें मानेवर वाहणारा तो धुरीण. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, पुतळा कोणाचाही उभा राहो. वर्गांत, क्रीडांगणावर वा घरीं आपल्या वांट्याचा दोर ताणलेला आहे ना, एवढें प्रत्येकानें पाहावें.