स्तन लघूकरण शस्त्रक्रिया : देशोदेशींच्या पद्धती

स्तनांचा आकार व वजन प्रमाणाबाहेर वाढल्यास मान, खांदे व पाठ दुखते, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांचे खांद्यांवर वळ उठतात व स्तनांखालच्या घडीतील त्वचा घामाने सोलवटते. अशा वेळी जादा ग्रंथी, मेद व त्वचा काढून स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेस स्तन लघूकरण म्हणतात. उद्दिष्ट सर्वत्र एकच असले, तरी तिची रीत देशपरत्वे भिन्न आढळते. हा भेद निर्णायक पुराव्यापेक्षा शस्त्रवैद्यांच्या शिक्षणपरंपरेमुळे व खर्च कोण भागवितो यामुळे अधिक पडलेला आहे.

मूळ अडचण रक्तपुरवठ्याची आहे. ओघळलेल्या स्तनातील स्तनाग्र व त्याभोवतीचे मंडल वर न्यावे लागते आणि तसे करताना त्यांचा रक्तपुरवठा तुटल्यास ऊतकमृत्यू होतो. शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये स्तनाग्र पूर्णपणे सोडवून त्वचारोपणाप्रमाणे नव्या जागी बसविले. रीत सोपी खरी. परंतु तीत दुग्धनलिका तुटतात व संवेदनाही बहुधा नष्ट होते. आज ती अतिविशाल स्तन किंवा रक्तपुरवठ्याचा विशेष धोका असलेल्या रुग्णांपुरती उरली आहे. व्हिएन्नाच्या हेर्मान बीझेनबेर्गर यांनी १९२८ मध्ये त्वचा ग्रंथीपासून दूरवर सोडविण्याची पद्धत मांडली. तीत ऊतकमृत्यूचा धोका मोठा होता. मंडलाभोवतीची अंतस्त्वचा राखल्यास रक्ताभिसरण टिकते, हे श्वार्त्समान यांनी १९३० मध्ये दाखविले. रक्तवाहिन्यांसह राखलेल्या अशा ऊतकाच्या देठास ‘वृंत’ म्हणतात. वृंत कोणत्या बाजूस ठेवावयाचा आणि त्वचेवर छेद कोठे घ्यावयाचे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच पुढील बहुतेक मतभेद सामावलेले आहेत.

अमेरिकेत रॉबर्ट वाइझ यांनी १९५६ मध्ये स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या बेतावरून त्वचेवर आखणी करण्याचा साचा सुचविला. यात मंडलाभोवती, तेथून खाली उभा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा असा नांगराच्या आकाराचा वण राहतो. साच्याला खालच्या बाजूच्या वृंताची जोड १९७५–७९ या काळात मिळाली व हीच अमेरिकेतील रूढ पद्धत बनली. गमतीचा भाग असा, की या वृंताच्या आरंभीच्या वर्णनांपैकी एक ब्राझीलच्या लियासिर रिबेरो यांचे (१९७५) आहे. मोठ्या स्तनांनाही ही पद्धत चालते, आखणी आधीच निश्चित असते आणि शिकाऊ शस्त्रवैद्यास ती शिकविता येते. वण मात्र लांब राहतो आणि काही काळाने ग्रंथी खाली सरकून स्तनाचा खालचा भाग फुगतो.

फ्रान्स व बेल्जियममध्ये वण कमी करण्यावर भर राहिला. क्लोद लासूस यांनी १९७० च्या सुमारास व मॅडलिन लेजूर यांनी १९९० नंतर आडवा छेद टाळून केवळ उभ्या छेदाची पद्धत विकसित केली. तीत वृंत वरच्या बाजूस असतो व स्तनास आकार त्वचेच्या ताणाने नव्हे, तर ग्रंथीच्या टाक्यांनी येतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे खालच्या त्वचेस चुण्या पडलेल्या दिसतात. त्या हळूहळू निवळतात. साच्यापेक्षा नजरेवर विसंबावे लागत असल्याने ही पद्धत शिकण्यास कठीण मानली जाई. कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९९ मध्ये तिचे सुलभ रूप प्रसिद्ध केले, त्यात वृंत आतल्या बाजूस ठेवला होता. त्यानंतर उत्तर अमेरिकेतही तिचा प्रसार वाढला.

पैशाचा प्रश्नही शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो. अमेरिकेत पॉल श्नुर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये शरीराचे पृष्ठफळ व काढलेल्या ऊतकाचे वजन यांचा संबंध दाखविणारे कोष्टक प्रसिद्ध केले. अनेक विमा कंपन्यांनी त्यालाच खर्च देण्याची अट बनविले. इंग्लंडमधील २०१८ च्या सरकारी मार्गदर्शनात प्रत्येक स्तनातून ५०० ग्रॅम वा अधिक ऊतक काढण्याचा बेत (किंवा आकारात तुल्य घट) आणि रुग्णाचा देहभार निर्देशांक २७ पेक्षा कमी असणे अशा अटी होत्या. वास्तविक वेदना किती कमी होतात, याचा काढलेल्या वजनाशी ठाम संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. अशा अटीमुळे लहान चणीच्या स्त्रीस मदत नाकारली जाण्याचा किंवा तिच्या शरीरास साजेल त्याहून अधिक ऊतक काढले जाण्याचा संभव असतो.

स्राव बाहेर काढणारी नळी जखमेत ठेवणे ही अशीच एक सवय. तिच्यामुळे गुंतागुंत कमी होते असे तुलनात्मक चाचण्यांत दिसले नाही, तरी अनेक ठिकाणी ती ठेवली जाते. तरुण स्त्रीच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पुढील स्तनपानाचा असतो. तेथे वृंताच्या दिशेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मंडलाखालील ग्रंथीचा स्तंभ छातीच्या भिंतीपर्यंत अखंड राखण्यास आहे. तो राखलेल्या स्त्रियांत स्तनपान यशस्वी होण्याचे प्रमाण अधिक आढळते.