साक्षीदार कोण घ्यावा?
लेखमाला : कागद जमिनीचा – भाग ६

मुद्रांक झाला, मसुदा झाला, आता सह्या. अमरावतीहून, परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यात प्लॉट घ्यायला आलेल्याला संध्याकाळच्या आत परतायचं असतं. दस्तावर साक्षीदाराची जागा तेवढी रिकामी. मग दस्तलेखकाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या कुणाला तरी हाक जाते, ‘भाऊ, एवढी सई मारून द्या नं!’ भाऊ सई मारतो, चहा घेतो, निघून जातो. बारा वर्षांनी दावा लागला की त्याला हुडकायचं कुठं?

आधी दोन कामं वेगळी करू. दुय्यम निबंधकासमोर ‘हीच ती व्यक्ती’ असं सांगतो तो ओळखदार. खोटी ओळख दिली, तर नोंदणी कायदा, १९०८ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साक्षीदार मात्र लिहून देणाऱ्याने सही किंवा अंगठा केलेला स्वतः पाहतो, किंवा ‘ही सही माझीच’ असं त्याच्याच तोंडून ऐकतो, आणि मग लिहून देणाऱ्यासमोर स्वतःची सही करतो.

खरेदीखताला साक्षीदार हवाच, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ म्हणत नाही. तरी रिवाज आहे आणि तो शहाणपणाचा आहे. बक्षीसपत्राला मात्र किमान दोन साक्षीदार लागतातच. मृत्युपत्रालाही दोन. ते कोर्टात शाबीत करायचं, तर हयात आणि हजर राहू शकणाऱ्या साक्षीदारांपैकी निदान एकाला पिंजऱ्यात उभं करावं लागतं. नोंदणी झालेल्या बक्षीसपत्राला ही वेळ येते ती लिहून देणाऱ्याची सहीच नाकारली गेली तर.

म्हणून साक्षीदार लिहून देणाऱ्यापेक्षा वयानं लहान असावा. सत्तरीच्या आजोबांच्या बक्षीसपत्रावर त्यांच्याच वयाचे दोन सोबती नकोत. पत्ता कायमचा असावा. लिहून घेणारा स्वतः साक्षीदार चालत नाही. त्याच्या नातलगाला कायदा अडवत नाही. पण ज्याचा त्या मिळकतीत फायदा, त्याच्या शब्दाला उलटतपासणीत वजन राहत नाही.

मेळघाटात आणखी एक गोष्ट पाहावी. अंगठा देणाऱ्या आजीची बोली कोरकू आणि दस्त कचेरीच्या मराठीत असेल, तर एक साक्षीदार कोरकू जाणणारा, वाचता येणारा हवा. त्यानं गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, रक्कम आजीला तिच्या बोलीत समजावून सांगावी, पैसे मिळाले का ते विचारावं, आणि मगच शाईचा पॅड पुढे करावा. तसं केल्याची ओळही दस्तात असावी. उद्या ‘मला काय लिहिलंय ते कळलंच नाही’ असा वाद निघाला, तर बोलायला हाच माणूस लागतो.

मात्र आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे शासनाच्या पूर्वमान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती नसेल, तर दहा साक्षीदारांनीही तो व्यवहार तरत नाही.

पुढील भागात : नोंदणीनंतरचा फेरफार.